माझी राजदूत शोकेसमध्ये जाणार नाही

मागच्या रविवारी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, राजदूत सुरू झाली म्हणे! आता मात्र ती चालवू नका हं. व्हिंटेज आहे ती." सोमवारी नागपूरहून मेहुण्याचा. "भाऊजी, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार भंगारात काढतंय, आणि तुम्ही पन्नास वर्षांची गाडी काढून बसलात?" मंगळवारी लेकीचा. "बाबा, धूर किती करते ती!" फोनवर आजकाल आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरून "बरं, ठेवते मग" येतं. म्हणून तिघांनाही एकदमच इथे उत्तर देतो. लांबलं तर माफ करा. पस्तीस वर्षं वर्गात बोलायची सवय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही राजदूत मी १९७४ साली शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून घेतली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून बेतलेली, १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा. प्रत्यक्षात तिच्यावर ग्रामसेवक, दूधवाले, पशुवैद्यक आणि आमच्यासारखे मास्तर असायचे. यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरेनासं होतं. तेव्हा काडीनं चिखल उकरायचा आणि पुढे निघायचं. दारव्हा, दिग्रस, आर्णी या सगळ्या रस्त्यांवर तिनं मला नेलं. २००७ साली निवृत्त झालो, २००८ साली तिनं किक घेणं सोडलं आणि मी तिला गोठ्याच्या पडवीत उभी केली. "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणत सोळा वर्षं गेली. यात दोष कोणाचा? माझाच.

२०२४ च्या दिवाळीआधी पडवी साफ करताना भंगारवाला आला. त्यानं गाडीकडे पाहिलंही नाही, नुसती हातानं हलवून वजनाचा अंदाज घेतला. ते मला झोंबलं. वजनावर घ्यायला ती काय तुरीचं पोतं आहे? त्याला परत पाठवला आणि मिस्त्रीला बोलावलं.

हा मिस्त्री माझा विद्यार्थी. सातवीत गणितात नापास झाला आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता साठीला आलाय. त्यानं टाकीवरची धूळ पुसली, गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलवून पाहिलं. हललं नाही. म्हणाला, "सर, इंजन मेलं नाही, आखडलं हाये. कायले इकता भंगारात?"

पुढचे चार महिने मी त्याच्या गॅरेजात स्टुलावर बसून काढले, आणि सांगतो, एवढं मी बी.ए.च्या तीन वर्षांतही शिकलो नव्हतो. प्लग काढून त्या भोकातून त्यानं सिलिंडरमध्ये डिझेल सोडलं आणि पाच दिवस गाडीला हातच लावला नाही. मी रोज विचारायचो, तो रोज म्हणायचा, "भिजू द्या." सहाव्या दिवशी चाक मागेपुढे डुलवता डुलवता पिस्टन सुतभर सरकला. त्या सुतभराचा मला झालेला आनंद मी इथे लिहून दाखवू शकत नाही. मग सिलिंडर खोलला. आत गंजाची गोल रेघ पडलेली. ते बोअर करायला यवतमाळला लेथवर नेलं आणि एक माप मोठा पिस्टन बसवला. पेट्रोलची टाकी आतून लाल झाली होती. तिच्यात मूठभर बारीक खडी आणि डिझेल घालून, जुन्या गोधडीत गुंडाळून, गॅरेजातल्या दोन पोरांनी दुपारभर हलवली. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, त्याच्या मागे जुनी काजळी. तो लोहाराच्या भट्टीत टाकून जाळून काढला. एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं बाळंतपण निघालं.

एवढं करूनही गाडी सुरू होईना. मिस्त्री म्हणाला, क्रँकची ऑइल सील गेली. मी म्हटलं, तेल तर कुठे गळत नाही. तेव्हा त्यानं मला समजावलं की टू-स्ट्रोक इंजिन खालूनही श्वास घेतं. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं, खाली येतो तेव्हा तेच दाबून वरच्या बाजूला पाठवलं जातं. सील कडक होऊन फट पडली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन पेट घेत नाही. गणितात नापास झालेला हा मुलगा मला दाबाचा नियम समजावत होता, आणि फळ्यावर मी कधी समजावला असेन त्यापेक्षा चांगला.

इथे एक कबुली द्यायची आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं एक वाक्य म्हणत आलो: "पाढे पाठ करा, नाहीतर गॅरेजात पाने फिरवत बसाल." याच मिस्त्रीलाही म्हटलं असणार. त्याला आठवतं का, हे विचारायचं धाडस मला चार महिन्यांत झालं नाही. पण मी एकटाच नव्हतो. आम्ही सगळे मास्तर हेच म्हणायचो आणि आईबाप घरी तेच म्हणायचे. हाताला काळं लागणं ही आम्ही शिक्षा करून टाकली. त्याचं फळ आता दिसतंय. मिस्त्रीचा मुलगा बी.कॉम. होऊन शहरात कुठल्याशा कंपनीत कर्जाचे हप्ते वसूल करतो. पॉइंटच्या फटीत कागदाची पट्टी धरून टायमिंग लावणारा आमच्या भागात हा एवढाच माणूस उरलाय.

नव्या गाड्यांनी त्याला आणखी बाजूला सारलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, तो कंपनीच्या माणसाकडे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात मोटारगाड्याही घेतल्या. चांगलं झालं. पण हक्क मिळाला तरी वापरणार कोण? पाना धरणारा हात आपणच शाळेतून हाकलून लावला.

आता पुतण्याकडे वळतो. त्याला गाडी पुण्याच्या एका 'रिस्टोरेशन'वाल्याकडे पाठवायची आहे. सगळं क्रोम नवं, टाकी चकचकीत, स्टिकर नवे, गाडी जशी खोक्यातून काढलेली. अंदाजे खर्च एक लाख चाळीस हजार. (माझा खर्च लेथवाल्याचे धरून अकरा हजार चारशे. मजुरीचा आकडा मिस्त्रीनं इतका कमी सांगितला की मला त्याच्याशी उलटा भाव करावा लागला.) मग ती त्याच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी राहणार.

बाळा, विदर्भात हेमाडपंती देवळांचे जीर्णोद्धार तू पाहिले आहेस. काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरश्या. पण त्या देवळात निदान रोज दिवा तरी लागतो. तू तर दिवाही काढून घ्यायला निघालास. टाकीला डाव्या अंगाला जो पोचा आहे तो १९८३ च्या पावसाळ्यात नाल्याच्या पुलावर पडलो तेव्हाचा. मागे तुझी काकू होती आणि तिच्या मांडीवर तुझी ताई. तिघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तो पोचा लाखभर रुपये देऊन काढायचा?

हल्ली हमरस्त्यावरच्या हॉटेलांतही पाहतो. दाराशी पिवळा रंग मारलेली जुनी स्कूटर, कुठे भिंतीवर अर्धी मोटारसायकल टांगलेली. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. त्यापेक्षा गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींचं मला पटतं. त्यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिला दोन चाकं आणि औतं जोडली आणि शेतात डवरणी केली. 'बुलेट सांती' म्हणतात तिला. शौकीन लोक हळहळतील, बुलेटचं वाटोळं केलं म्हणतील. पण ती बुलेट काम करत होती.

आणि व्हिंटेजचं म्हणशील तर २०२१ चा केंद्राचा नियम मी वाचलाय. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला मनाई. म्हणजे पाच हजार देऊन मी स्वतःच लिहून द्यायचं की मी बाजाराला जाणार नाही! मुंबईच्या मोठ्या मोटारींच्या मालकांना तो नियम सोयीचा असेल. त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला तो नको.

मेहुण्यासाठी थोडक्यात. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा मोबाइलवर फिरणारा निरोप आहे, कायदा नाही. दिल्ली परिसरात वयाची अट आली, ती प्रदूषणामुळे आणि त्या परिसरापुरती. २०२१ च्या स्क्रॅप धोरणात खाजगी गाडीचं भवितव्य तिच्या तपासणीवर आहे, वयावर नाही. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून मोडीत काढायच्या ठरल्या. आपली नोंदणी गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दुचाकीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० चं १,००० झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० झालं. पर्यावरण कर वेगळा. माझी मुदत केव्हाच संपली होती. दंडासकट भरले, पावती जपून ठेवली आहे. या वेळी आलास की दाखवतो.

लेकीचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि तिथे मी वाद घालणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, वर तेल मिसळलेलं, त्यामुळे निळा धूर. शहरात लाखभर राजदूत रोज धावाव्यात असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण माझी आठवड्याला वीस किलोमीटर चालते. ती मोडून नवी घेतली तर त्या नवीचं लोखंड, रबर, प्लास्टिक कुठल्या तरी भट्टीतूनच येणार ना? तो धूर आपल्या दारात दिसत नाही एवढंच. ज्या दिवशी पीयूसीत नापास होईल त्या दिवशी पुन्हा मिस्त्रीकडे नेईन.

उभी ठेवून ती जपली जाते हा समज तर साफ चूक आहे. सोळा वर्षं उभी होती म्हणूनच सील वाळली, टाकी गंजली, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की आतून खातं. मिस्त्रीनं नवे पाइप टाकले आणि बजावलं, "सर, आठवड्यातून एक डाव तरी फिरवा. उभी रायली का मरते."

आमच्या शकुंतलेचं काय झालं ते आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. तिच्या आठवणींचे लेख किती छापून आले! दारव्ह्याच्या स्टेशनवरचा चहा, इंग्रज कंपनीची मालकी, वगैरे. मीही एक लिहिला होता. लेख वाढत गेले, गाडी मात्र बंद पडली. आता रुळांत गवत आहे.

होळीच्या आदल्या दिवशी अकराव्या किकेला राजदूत सुरू झाली. अंगणभर निळा धूर झाला. मिस्त्री, दोन पोरं आणि मी, कोणी काही बोललो नाही. तेवढ्यात आतून आवाज आला, "बंद करा ते, कपडे वाळत घातलेत!" पन्नास वर्षांपूर्वीही हेच वाक्य होतं. संध्याकाळी मात्र ती स्वतःच मागे बसली, पण कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंतच, कंबर दुखते म्हणून.

तेव्हापासून दर आठवड्याला बाजाराला जातो. हॉर्न अजून वाजत नाही. मिस्त्रीच्या गॅरेजातला धाकटा पोरगा आता पॉइंट साफ करायला शिकलाय. परवा त्याच्या आईनं मला रस्त्यात थांबवून तक्रार केली, याला जरा अभ्यासाचं सांगा. मी दोन्ही सांगितलं, अभ्यासाचं आणि पॉइंटचंही.

पुतण्याला गाडी हवीच असेल तर माझ्यानंतर त्याचीच आहे. अट एकच. इथून पुण्याला चालवत न्यायची, टेम्पोत टाकून नाही. अंतर बरंच आहे. तीन दिवस लागतील, उन्हाळ्यात चार. वाटेत बंद पडली तर आधी प्लग काढून पुसावा. सुटा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा टूलबॉक्समध्ये ठेवून दिला आहे.