इफ्तारचे ताट, फोटो आणि शेजार

मगरिबच्या अजानला दोन मिनिटे उरलेली असतात. दस्तरख्वानावर खजूर, चणे, भजी, कापलेली फळे मांडून झालेली असतात. मुले हात पुढे करतात आणि कुणीतरी ओरडते, "थांबा, फोटो राहिला!" मग खजुराची वाटी इकडून तिकडे सरकते, एखादा खुर्चीवर चढतो. अजान सुरू होते, तरी मोबाईल खाली येत नाही. रोजा सोडायला उशीर करू नये, ही पैगंबरांची शिकवण. पण जालना, अंबड, भोकरदनच्या घराघरांत आता आधी कॅमेरा रोजा सोडतो.

म्हणून फोटोच काढू नये, असे नाही. स्वतः रोजा ठेवून, मिठाचा अंदाज नुसत्या हाताने घेऊन रांधणाऱ्या बाईची करामत चार लोकांनी पाहिली तर बिघडले काय? शिवाय कितीतरी जणी घरी समोसे करून व्हॉट्सअॅप स्टेटसवर ऑर्डर घेतात. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे दुकानाची पाटी. तो पिवळट, अंधुक आला की गिऱ्हाईक पुढे जाते.

मात्र इफ्तारची वेळ फोटोसाठी सर्वांत वाईट. सूर्य मावळलेला, डोक्यावर ट्यूबलाइट, ताटावर स्वतःच्याच हाताची सावली. फ्लॅश मारला तर भज्यांवरचे तेल तेवढे चमकते. त्यापेक्षा असरनंतर पहिला घाणा निघाला की एक बशी खिडकीशी किंवा उघड्या दाराशी न्यावी, दिवा बंद करावा आणि उजेड एका बाजूने पडू द्यावा. दुसरी बाजू काळवंडली तर तिकडे पांढरा कागद उभा धरावा. वाटीतला पदार्थ थोडा तिरका टिपावा, पसरट थाळा सरळ वरून. आणि आधी लेन्स पुसावी. स्वयंपाकघरातल्या मोबाईलला तेलाचे बोट लागलेले असतेच. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण फोटोत मान मिळतो तो बाहेरच्या सफरचंदाला. मोसंबीची पातळ चकती उजेडासमोर धरून पाहावी, दिव्यासारखी दिसते. काम पाच मिनिटांचे. अजानच्या वेळी हात मोकळे.

उजेडाची अडचण अशी सुटते. फोटो कुठवर पोहोचतो, ही अडचण उरते. रस्सा केला तर पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, असे हदीसमध्ये सांगितले आहे. वास भिंतीपलीकडे जातो, तेवढ्यापुरता शेजार. स्टेटस त्याच्या कितीतरी पुढे जाते. स्टील कारखान्यात पाळीवर असलेला मजूर पाण्यावर आणि दोन खजुरांवर रोजा सोडतो, त्याच्याही हातात तेच भरलेले ताट पडते. त्याला वाटी कशी पोहोचवणार? स्टेटस कुणाकुणाला दिसावे, हे मोबाईलमध्ये ठरवता येते. तेवढे तरी करावे. रेशन वाटपाच्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. पिशव्यांचा काढा, खुशाल काढा. घेणाऱ्या म्हातारीचा चेहरा कशाला?

जुन्या गल्ल्यांतून आजही इफ्तारच्या आधी रुमालाने झाकलेली ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात. ताट रिकामे परत येत नाही. कधी त्यात गूळ असतो, कधी शेंगदाणे, कधी सणाची पुरणपोळी. रुमालाखाली काय होते, हे त्या दोन घरांनाच ठाऊक असते.