अंगावरून गेलेले वारे

पक्षाघाताला आपण मराठीत ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतो. अर्धांगवायू या शब्दातही वायूच दडलेला आहे. भाषा शिकविण्यात आमचा जन्म गेला. तरी एखादा शब्द माणसाची केवढी दिशाभूल करतो, हे आम्हांस चार वर्षांपूर्वी कळले. त्याचे मोल मात्र आमच्या एका सहकाऱ्याने दिले.

हे गृहस्थ येथे इंदुरात आमच्याच शाळेत मराठी शिकवीत. एके सकाळी फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातून खडू गळाला, जीभ अडखळली. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. आम्ही त्यांना चहा पाजला, ‘रात्री जागरण झाले असेल’ अशी थट्टा केली आणि पुढच्या तासाला धाडले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वारे गेले म्हणून घरच्या मंडळींनी खिडक्या लावल्या, तेल गरम करून मालीश केली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रात्र झाली.

वस्तुतः या व्याधीशी वाऱ्याचा काडीमात्र संबंध नाही. लुळे पडतात हातपाय, पण रोग असतो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. योहान वेप्फर या स्विस वैद्याने १६५८ सालीच मृत रुग्णांच्या मेंदूतील रक्तस्राव दाखवून दिला होता. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के; परंतु प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला लागतो, आणि साठा जवळ नसतो. बहुतेक वेळा गुठळीने रक्तवाहिनी तुंबते, काही वेळा ती फुटते. मोठी वाहिनी तुंबली, तर दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

गुठळी विरघळविणारे औषध आज उपलब्ध आहे. पण ते सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वाहिनी फुटली असल्यास तेच औषध घातक ठरते. म्हणून आधी सीटी स्कॅन हवा. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळी घालूनही काढता येते. तेथेही उशीर नडतोच.

म्हणून वाचकहो, एवढे ध्यानात ठेवावे. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, तर घड्याळ पाहावे आणि जेथे स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. मालीश करू नये, पाणी पाजू नये, मनाने गोळी देऊ नये. लक्षणे मिनिटांत ओसरली, तरीही त्याच दिवशी न्यावे. ती पुढील संकटाची सूचना असते. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडू नये. तंबाखू मात्र अवश्य सोडावी.

मेंदूची डावी बाजू उजव्या हाताची धनीण, आणि बहुतेकांच्या बाबतीत वाणीचीही. आमच्या सहकाऱ्यांचे दोन्ही गेले. परवा भेटीस गेलो, तेव्हा नात त्यांना चित्रे दाखवून शब्द वदवून घेत होती. आम्हांस पाहून ते हसले. आमचे नाव मात्र ओठांवर आले नाही. ती दहा मिनिटे आम्ही चहात घालविली नसती तर, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही.