आखाजीचं तिकीट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर आमच्या खान्देशात सण पुरा होत नाही. दिवाळी एखाद्या वर्षी सासरी झाली तरी आई समजून घेते, आखाजीला मात्र तिचा जीव दाराकडे लागलेला असतो. गौराई बसते, झाडाला झोका बांधतात, खापरावर मांडे होतात, आंब्याचा रस निघतो, आणि हे सगळं जिच्यासाठी करायचं ती लेक घरात हवी. पूर्वी तिला आणायला मुराळी जायचा. भाऊ बैलगाडी जुंपून किंवा एसटीने निघायचा, बहिणीच्या सासरी रात्रीचा मुक्काम करायचा आणि तिला घेऊन यायचा. आता मुराळ्याचं काम मोबाइलवरच्या तिकिटाने करायचं असतं, आणि या आठवड्यात ते काम आमच्या गल्लीत अडलं.

शेजारच्या वहिनींची लेक दिल्लीला असते. रजा मोजकी, म्हणून यंदा विमानाने यायचं ठरलं. दिल्ली ते मुंबई एक विमान, मुंबई ते जळगाव दुसरं, पुढे रस्त्याने धुळे. रविवारी संध्याकाळी वहिनी मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. दोन्ही तिकिटांच्या आकड्यांत शे-दीडशे रुपयांचाच फरक होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दिल्लीहून मुंबईला येताना जितके पैसे, तितकेच मुंबईहून जळगावला? मग जळगाव काय दिल्लीइतकं लांब गेलं का?" सदर वाचणाऱ्यांना माझी सवय ठाऊक आहे. गॅसचा हिशेब असो की नळपट्टीचा, वहीत मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. हाही मांडला.

आधी कोरडी माहिती. दिल्ली-मुंबई हे हवाई अंतर अकराशे किलोमीटरांच्या थोडं वर आहे, मुंबई-जळगाव साडेतीनशेच्या आसपास. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला, तेव्हापासून विमानाचं भाडं कंपन्याच ठरवतात. सरकार मध्ये पडतं ते अडचणीच्या वेळी. कोरोनानंतर २५ मे २०२० रोजी विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा भाड्याला खालची-वरची मर्यादा घातली होती: चाळीस मिनिटांच्या आतल्या प्रवासाला २,००० ते ६,००० रुपये, आणि तीन ते साडेतीन तासांच्या प्रवासाला ६,५०० ते १८,६००. ही मर्यादा ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये देशभर शेकडो उड्डाणं रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा पुन्हा कमाल भाडं ठरवून दिलं: ५०० किलोमीटरांपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. दोन्ही वेळा सरकारने स्वतःच मान्य केलं की जवळच्या प्रवासाला किलोमीटरमागे किंवा मिनिटामागे जास्त पैसे पडणार.

त्यामागे कारणंही खरी आहेत. विमानाला सगळ्यात जास्त इंधन लागतं ते वर चढताना. जळगावला यायचं तरी चढायचं आणि दिल्लीला जायचं तरी चढायचंच. जमिनीवर उभं राहण्याचा वेळ, सामान चढवण्या-उतरवण्याची माणसं, तपासणी, विमानतळाचा प्रवाशामागचा आकार, हे सगळं अंतर पाहून कमी होत नाही. जळगावला येतं ते पंख्यांचं, सत्तरेक जागांचं विमान. त्यातल्या कमी भाड्याच्या जागा मोजक्याच, त्या संपल्या की पुढची पायरी वरची. दिल्ली-मुंबईला दिवसभर विमानांची रांग असते, एकाने भाडं वाढवलं तर प्रवासी दुसऱ्याकडे जातो. जळगावच्या प्रवाशाने कुठे जायचं?

एवढं लिहून मी वही मिटणार होतो, तेवढ्यात नाना आले. नाना धुळे आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. माझा कागद त्यांनी उचलला, चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हाई बठ्ठं ठीक शे भो. पन टप्पा कितला शेतस?" मी म्हटलं, नाना, विमानाला टप्पे नसतात. "मंग भाडं कसावर काढतस?"

मग त्यांनीच टप्पे पाडायला घेतले. टेबलावर एक लग्नपत्रिका पडली होती, तिच्या कोऱ्या पाठीवर. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरांचा. मुंबई-जळगाव साडेतीनशे किलोमीटर म्हणजे एकोणसाठ टप्पे. दिल्ली-मुंबई म्हणजे एकशे नव्वद. डिसेंबरातल्या कमाल भाड्याने भागलं तर दिल्लीकडचा टप्पा एकोणऐंशी रुपयांना पडतो आणि जळगावकडचा एकशे सत्तावीसला. त्या आदेशातून लहान शहरं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतली विमानं वगळली होती, हे मी त्यांना सांगितलं. उडानचा मूळ हिशेब निराळा आहे. २०१७ मध्ये ती विमानं सुरू झाली तेव्हा तासाभराच्या, पाचशे किलोमीटरांच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडं बांधून दिलं होतं. नानांनी तेही भागलं. टप्प्याला तीस रुपये. पत्रिकेवर तीस आणि एकशे सत्तावीस हे आकडे त्यांनी शेजारी शेजारी लिहिले आणि दोन्हींभोवती गोल काढले.

तिथून नाना एसटीत शिरले आणि आम्ही तासभर बाहेर आलो नाही. त्यांच्या वेळी तिकिटाचं मशीन नव्हतं. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, हातात पंच, काखेत वे-बिल. धुळे-जळगाव रस्त्यावरची गावं त्यांना अजून ओळीने येतात: फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. कुठल्या गावाला कितवा टप्पा संपतो, हे ते डोळे मिटून सांगतात. आखाजीच्या आधीच्या दोन दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. कडेवर पोर, हातात पिशवी, अशा लेकी स्टँडावर उभ्या असायच्या, आणि डबल बेल द्यायच्या आधी नाना एकेकीला आत घ्यायचे.

एका बाईची गोष्ट त्यांनी सांगितली. मुकटीला चढली, पारोळ्याला माहेर. नानांनी तिकीट फाडलं तसं तिने पदराची गाठ सोडली. गाठीत भाड्याचे पैसे होते, एक नाणं कमी नाही की एक जास्त नाही. घरून निघताना तिने ते मोजून बांधले होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भाडं ठाऊक होतं. गेल्या वर्षी तेवढंच होतं, आणि वाढलं असतं तर गावात आधी कळलं असतं. नाना म्हणाले, "तिले मी भाडं सांगं नही. तीच माले सांगे."

विमानाच्या भाड्याबद्दल माझी तक्रार या गाठीपाशी येऊन थांबते. जवळचं भाडं किलोमीटरमागे जास्त पडतं, हे मी मान्य करतो. कारण कळलं की माणूस पैसे मोजतो. पण आज जळगावचं तिकीट काढणाऱ्याला उद्याचं भाडं ठाऊक नसतं, शेजारच्या खुर्चीतल्या प्रवाशाने काय मोजलं ते ठाऊक नसतं, आणि सणाच्या आठवड्यात ते कुठवर चढेल हेही ठाऊक नसतं. महिनाभर आधीपासून पैसे बाजूला ठेवणाऱ्या घराला नेमकी हीच माहिती लागते. एसटीही दिवाळीत हंगामी भाडेवाढ करत आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हा लोक बोललेही. पण ती वाढ जाहीर होते, आणि एका गाडीतल्या सगळ्यांना सारखी लागते. वाढलेलं भाडंसुद्धा मोजून गाठीत बांधता येतं.

शिवाय जळगावच्या विमानात आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. उडानच्या मार्गांवर कंपनीला तोटा येऊ नये म्हणून तीन वर्षं सरकारी मदत मिळते. बदल्यात साधारण निम्म्या जागा बांधलेल्या भाड्याने द्यायच्या असतात. ही मदत ज्या निधीतून येते, त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावलेला आहे. म्हणजे दिल्ली-मुंबई विमानात बसलेली आपली लेक तिथेच लहान गावांच्या विमानांना हातभार लावून आलेली असते. लांबच्याने जवळच्याला सांभाळावं, ही रीत मला मनापासून पटते. एसटीही भरलेल्या गाडीच्या जिवावर आडगावची रिकामी गाडी चालवते. पण जो मार्ग लोकांच्या पैशावर उभा राहिला, त्याचं भाडं लोकांना आधी समजलंच पाहिजे.

आणि मदत असूनही मार्ग कसे बंद पडतात, ते आपण पाहिलं आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. जळगावच्या लेकीच्या हातून झालेल्या त्या समारंभाचं आपल्याला किती अप्रूप होतं! उडानमधलं पहिलं प्रवासी विमान उतरायला मात्र २३ डिसेंबर २०१७ उजाडला. एअर डेक्कनची ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, ती कंपनीच २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टी वन आणि अलायन्स एअर आल्या आणि गोवा, पुणे, हैदराबाद, मुंबई ही नावं पुन्हा जळगावच्या फलकावर दिसली. दर वेळी लोकांनी नव्याने सवय लावून घेतली. चालू-बंद होणाऱ्या मार्गाचं भाडं स्वस्त असलं तरी त्याच्या भरवशावर कुणी लेकीची सोयरीक परगावी करत नाही की पोराला परगावच्या नोकरीला होकार द्यायला सांगत नाही.

आता आपल्या धुळ्यातल्या देवपूरचा हिशेब. पांझरा नदीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला जळगावचं विमान धरायचं तर आधी पंचाण्णव किलोमीटर रस्ता, मग जळगाव ओलांडून कुसुंब्याजवळचा विमानतळ. तिथे तासभर आधी पोहोचायचं. एकट्याने गाडी केली तर तिचं भाडं विमानाच्या भाड्याला भिडतं. विमान तासाभरात मुंबईला टेकतं, पण घरापासून घरापर्यंत मोजलं तर तेवढ्या वेळात आग्रा रोडने माणूस ठाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून धुळेकराला जळगावहून मुंबईपेक्षा हैदराबाद आणि गोव्याचा उपयोग जास्त. रस्त्याचा खर्च दोन्हीकडे तोच, पण लांबच्या प्रवासात वाचणारा वेळ कितीतरी मोठा. जळगावच्या विमानासाठी धुळ्याने आवाज उठवायचा तर तो या लांबच्या मार्गांसाठी उठवावा. गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं आपल्या गच्च्यांवरून रोज घिरट्या घालतात. इथे शिकलेली मुलं देशभर विमानं चालवतील, याचा मला अभिमान आहे. धुळ्याच्या प्रवाशाचीही तेवढीच काळजी व्हावी, असं मला वाटतं.

वहिनींच्या लेकीचं शेवटी विमान सोडून रेल्वेने जमलं. दिल्लीहून भुसावळपर्यंत गाडी, तिथून पुढे रस्ता. रेल्वेच्या भाड्यात लांब गेलं की किलोमीटरचा दर उतरत जातो, पण तो तक्ता आधीपासून छापलेला असतो. रजेतला एक दिवस गाडीतच जाईल, याचं वहिनींना वाईट वाटतं आहे, आणि मलाही.

नानांनी आणि मी मिळून एक निवेदन लिहिलं आहे. त्यात तीन मागण्या आहेत. जळगावहून निघणाऱ्या प्रत्येक मार्गाचं कमाल आणि किमान भाडं महिनाभर आधी जाहीर करून विमानतळावर आणि आसपासच्या एसटी स्थानकांवर लावावं. आखाजी आणि दिवाळीच्या आठवड्यांत त्या कमाल भाड्यावर एक रुपयाही वाढू नये. आणि विमानांच्या वेळा धरून धुळे ते जळगाव विमानतळ अशी एसटी सोडावी. पहिल्या दोन मागण्या दिल्लीला जातील, त्यांना वेळ लागेल. तिसरी आपल्या आगारातच सुटण्यासारखी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. सोमवारी सकाळी निवेदन द्यायचं आहे. ज्यांनी जळगावहून प्रवास केला आहे त्यांनी सहीबरोबर मार्ग, तारीख आणि मोजलेलं भाडं लिहून द्यावं. पाच-पन्नास तिकिटांचे आकडे एका कागदावर आले की आपला भाडेतक्ता आपणच तयार केलेला असेल, आणि तो समोर ठेवला की उत्तर द्यावंच लागेल.