चौथ्या माणसाची बखर

ज्याला इतिहासाने बोलू दिले, ज्याचे पुस्तक छापले गेले, पाचशे वर्षे वाचले गेले, त्याच्याच तोंडी आणखी एक गुप्त कबुलीजबाब घालावा असे कादंबरीकाराला का वाटते? आबेल पोस्से या अर्जेंटिनी लेखकाची १९९२ सालची कादंबरी वाचताना हा प्रश्न पाठ सोडत नाही. तिच्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'वाटसरूची दीर्घ सायंकाळ' असा होईल. नायक आहे आल्वार नुन्येझ काबेसा दे वाका. आडनावाचा शब्दशः अर्थ 'गायीचे डोके'. माणूस मात्र स्पॅनिश विजेत्यांच्या मांदियाळीतला सर्वांत विलक्षण.

आधी इतिहास पाहू. १५२७ च्या जूनमध्ये पानफिलो दे नार्वाएझची मोहीम पाच जहाजे आणि सुमारे सहाशे माणसे घेऊन स्पेनहून निघाली. काबेसा दे वाका तिचा खजिनदार होता. १५२८ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरून त्यांतले सुमारे तीनशे जण सोन्याच्या शोधात आत शिरले. पुढे जहाजांशी गाठ पडली नाही. घोडे मारून खाल्ले, रिकिबी वितळवून खिळे केले आणि पाच ओबडधोबड होड्या बांधून उरलेले लोक समुद्रात शिरले. काही होड्या आजच्या टेक्ससच्या किनाऱ्याला लागल्या. पहिल्याच हिवाळ्यात तिथल्या सुमारे ऐंशी माणसांपैकी पंधरा उरली. भुकेने काही ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना खाल्ले आणि 'रानटी' म्हणवले जाणारे स्थानिक ते पाहून हादरले, हे खुद्द काबेसा दे वाकानेच लिहून ठेवले आहे. कधी गुलाम, कधी फेरीवाला, तर कधी हात ठेवून रोग बरे करणारा वैदू होऊन तो जगला आणि १५३६ मध्ये तीन सोबत्यांसह मेक्सिकोच्या वायव्य भागात स्पॅनिश घोडेस्वारांना भेटला. ते स्वार गुलाम पकडायला निघाले होते.

या प्रवासाचा त्याचा वृत्तांत १५४२ मध्ये छापला गेला. तो राजाला उद्देशून आहे, हे विसरता कामा नये. पराभूत मोहिमेतून हा माणूस सोने आणू शकला नाही; आणली ती फक्त हकीकत. तीच त्याची सेवा आणि तिच्याच बळावर पुढची नेमणूक. पोस्से नेमका इथे शिरतो. किनाऱ्यावरच्या त्या सुमारे सहा वर्षांविषयी वृत्तांत फार थोडे बोलतो. त्या मौनात पोस्से एक पत्नी, मुले आणि एक संसार वसवतो. सेव्हिलमध्ये थकलेला, विस्मृतीत गेलेला म्हातारा दरबारासाठी लिहिलेली कहाणी बाजूला सारून खरी कहाणी लिहू लागतो, अशी ही रचना आहे.

हे कल्पित रचण्याचा अधिकार मला मान्य आहे. मूळ दस्तऐवजच एकसंध नाही. परतल्यावर या मंडळींनी दिलेल्या संयुक्त निवेदनाचा सारांश ओविएदो या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे, आणि त्याला पुढच्या छापील वृत्तांतापेक्षा तेच अधिक विश्वासार्ह वाटले होते. साक्षीदार स्वतःच दोनदा, दोन प्रकारे बोलला असेल, तर तिसरा प्रकार कल्पून पाहणे हा काही इतिहासद्रोह नव्हे.

माझा आक्षेप वेगळा आहे. गुप्त इतिहास नेहमी विजेत्याला सदसद्विवेकबुद्धी बहाल करतो. छापील पुस्तकात जे नव्हते ते 'मनात होते' असे म्हटले की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो: चला, निदान एक जण तरी माणूस होता! ऐतिहासिक कादंबरीलाच इतिहास मानून वाचण्याची सवय असलेल्या आपणा मराठी वाचकांना हा दिलासा चांगलाच परिचित असावा. पण दस्तऐवज हा दिलासा देत नाही. त्या स्वारांच्या भयाने डोंगरात पळालेल्या लोकांना काबेसा दे वाकानेच अभयाचा शब्द देऊन खाली वस्त्यांत बोलावले. हेतू निर्मळ असेल. तरी त्याच्या शब्दावर विसंबलेली माणसे परतली ती स्पॅनिश सत्तेच्या कक्षेत. पुढे तो रिओ दे ला प्लाताचा राज्यपाल झाला. स्थानिकांना छळू नये असे हुकूम त्याने काढले, आणि ग्वायकुरू लोकांवर स्वारीही केली. १५४४ मध्ये त्याच्याच माणसांनी बंड करून त्याला कैद केले आणि स्पेनला पाठवले. करुणा आणि साम्राज्य एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, ही गोष्ट कोणत्याही गुप्त पश्चात्तापापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे.

म्हणूनच लैला लालामी यांची २०१४ सालची कादंबरी मला अधिक मोलाची वाटते. वाचलेल्या चौघांतला चौथा होता एस्तेबानिको: मोरोक्कोतल्या अझेम्मूरचा, दोरान्तेस नावाच्या सोबत्याचा गुलाम. वाटेत स्थानिकांशी बोलणी तोच करी. तरी वृत्तांताच्या शेवटी चौघांची ओळख करून देताना त्याच्या वाट्याला येते ती जेमतेम एक ओळ. लालामी त्या ओळीतून मुस्तफा नावाचा निवेदक उभा करतात. त्यांनी त्यालाही धुऊन काढलेले नाही: गुलाम होण्यापूर्वी तो व्यापारी होता आणि माणसांच्या विक्रीतून त्याने नफा कमावला होता. इथे कल्पनाशक्ती कोणाला दोषमुक्त करत नाही. ज्याला कागद मिळाला नाही त्याला ती कागद देते, आणि त्यासोबत त्याच्या अपराधाची जबाबदारीही.

'कादंबरी ही कादंबरीच, तिला न्यायासनासमोर का खेचता?' असे कोणी म्हणेल. खेचू नये, हे खरे. पण कोणाच्या मौनात आपण शब्द भरतो, ही निवड कादंबरीकाराची असते आणि ती निरागस नसते. बोलून झालेल्याचे अंतरंग रचणे एक, आणि ज्याला बोलूच दिले नाही त्याचा आवाज कल्पिणे दुसरे.

दुसरे कामही निर्दोष नाही. इतिहास सांगतो की एस्तेबानिको १५३९ मध्ये झुनी लोकांच्या हाविकू गावी मारला गेला; कादंबरी त्याला निराळा शेवट देते. आणि दोन्ही पुस्तकांत स्थानिक स्त्री आपल्यापर्यंत पोचते ती पतीच्या निवेदनातूनच. खाली बोलावल्या गेलेल्या त्या माणसांनी आपल्या मुलांना काय सांगितले असेल? तो गुप्त इतिहास या दोन्ही पुस्तकांच्या बाहेरच राहिला आहे.