छताला टेकू देणारा वायू

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या दहा दिवसांत जगाच्या दोन टोकांना जमीन खचली. ४ डिसेंबरला, मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात, चेन्नईतील वेलचेरी येथे बांधकामासाठी खणलेल्या सुमारे ५० फूट खोल खड्ड्याची कड ढासळली. शेजारीच वाहनांत गॅस भरण्याचे केंद्र होते. खड्ड्यात अडकलेल्या दोघांचे मृतदेह चार दिवसांनी हाती लागले. १० डिसेंबरला ब्राझीलमधील मासेयो शहरात मिठाची एक बंद खाण सरोवराच्या तळाखाली कोसळली. तेथे जीवितहानी टळली; कारण २०१८ च्या भूकंपानंतर सुमारे ६० हजार रहिवाशांना टप्प्याटप्प्याने घरे सोडावी लागली होती.

दोन्ही घटनांची जातकुळी वेगळी. वेलचेरीत पाणथळीलगतची माती, मासेयोत शेकडो मीटर खोलवरचे मीठ. प्रशासनापुढचा प्रश्न मात्र एकच उरतो. जमिनीखालची पोकळी सुरक्षित आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? वादळाचा इशारा आधी मिळूनही वेलचेरीत माणसे त्या कडेवर होती.

दिल्लीच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. देश आपल्या गरजेचा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात करतो. खनिज तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू व पादूर येथे मिळून ५३.३ लाख टनांचे भूमिगत साठे उभे राहिले. वायूसाठी त्या तोडीची सोय झालेली नाही. राजस्थानातील मिठाच्या थरांत तेल साठवता येईल काय, याचा अभ्यास इंजिनिअर्स इंडिया ही सरकारी कंपनी करीत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. आज तेलाचा विचार झाला, तर उद्या वायूचा होणे स्वाभाविक आहे.

मात्र विशाखापट्टणमचा अनुभव मिठाला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथील कठीण खडक आपल्या जागी उभा राहतो. मीठ दाबाखाली अतिशय संथपणे वाहते. त्यामुळे त्यातील तडे आपोआप बुजतात, हा गुण. आणि पोकळी हळूहळू आकसते, हा दोष. तेल काढताना त्याच्या जागी खारे पाणी भरता येते, म्हणून आतला दाब टिकतो. वायू काढला की दाब उतरतो, आणि छताला आतून मिळणारा आधार कमी होतो. म्हणूनच ठरावीक दाबाखाली जाऊ नये इतका वायू पोकळीत कायम ठेवावा लागतो. जुन्या, वापराबाहेर गेलेल्या पोकळ्यांत जोखीम अधिक. त्या मीठ मिळवण्यासाठी खोदलेल्या असतात; छताची जाडी, रुंदी आणि शेजारच्या पोकळीपासूनचे अंतर साठवणुकीच्या हिशेबाने ठरलेले नसते.

खरा राजकीय पेच येथेच आहे. साठा हवा असतो तो संकटाच्या दिवशी. युद्ध पेटले, जहाजे अडली, खत कारखाने आणि वीजकेंद्रे वायूची मागणी करू लागली, की उरलेला वायूही काढा असा दबाव येणार. नेमका तोच वायू छत तोलून धरीत असतो. संसदेत साठ्याचे आकडे देताना तो गृहीत धरला, तर ती कागदावरची श्रीमंती ठरेल.

छत टिकले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हचिन्सनजवळ प्रोपेनसाठी खोदलेल्या व नंतर बंद केलेल्या मिठाच्या पोकळ्या पुन्हा उघडून त्यांत नैसर्गिक वायू भरण्यात आला होता. जानेवारी २००१ मध्ये एका जुन्या विहिरीच्या पोलादी नळीतून वायू फुटला, जमिनीखालून सुमारे ११ किलोमीटर सरकत शहरात वर आला आणि स्फोटांत दोघांचा बळी गेला. पोकळी जुनी असेल तर तिच्या विहिरीची कुंडलीही तपासावी लागते.

आपल्याकडे तपासणार कोण? तेलसाठे उभारणारी कंपनी पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. तेल उद्योगाचे सुरक्षा निकष ठरवणारे संचालनालयही त्याच मंत्रालयाचे. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे, तर धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय श्रम मंत्रालयाकडे. मिठातील वायुसाठा हा खाणही आहे आणि वायूची टाकीही. अशा वेळी प्रत्येक खात्याला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची मुभा मिळते.

म्हणून पहिली पोकळी खोदण्याआधीच तीन गोष्टी कायद्यात लिहिल्या जायला हव्यात. किमान दाबाची मर्यादा संकटातही ओलांडता येणार नाही. छताची व विहिरींची मोजमापे नियमितपणे जाहीर होतील. आणि वायू काढणे थांबवण्याचा अंतिम अधिकार वायूची गरज असलेल्या मंत्रालयाबाहेर राहील. पाऊस सुरू झाल्यावर खड्ड्याची कड तपासायला सवड नसते, हे वेलचेरीने दोन जीव गमावून दाखवून दिले आहे.