अनाथाश्रमातला फुटबॉलपटू

मुलांनो, आज इंग्लंडच्या एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगते. त्याचं नाव वॉल्टर टल.

जन्म १८८८ सालचा, समुद्रकाठच्या फोकस्टन गावातला. वडील डॅनियल सुतारकाम करायचे. ते वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले. (हो, क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेलं तेच बार्बाडोस!) आई मात्र तिथलीच, गोरी. वॉल्टर सात वर्षांचा होतो न होतो तोच आई गेली. दोन-अडीच वर्षांत वडीलही गेले. सावत्र आईच्या पदरात इतकी पोरं, ती एकटी काय करणार? वॉल्टर आणि थोरला एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं. तो शिकून दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागेच राहिला. छापखान्याचं काम शिकू लागला आणि आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला.

खेळ असा, की १९०८ मध्ये क्लॅप्टन या हौशी संघानं त्याला बोलावलं आणि वर्षभरातच टॉटनहॅमनं घेतलं. आठवड्याला चार पौंड पगार! त्या काळी फुटबॉलपटूला याहून जास्त पगार देताच येत नसे.

ऑक्टोबर १९०९. सामना ब्रिस्टल गावी. प्रेक्षकांतली काही टोळकी त्याच्या रंगावरून ओरडू लागली. अगदी घाणेरडं. आमच्या वर्गातही रंगावरून चिडवल्याच्या तक्रारी येतात, पण इथे ओरडणारी मोठी माणसं होती, बरं का! वॉल्टर खेळत राहिला. आघाडीच्या फळीत त्या दिवशी सर्वांत चांगला तोच खेळला, असं एका वार्ताहरानं लिहिलं. तरीही थोड्याच दिवसांत क्लबनं त्याला राखीव संघात टाकलं. ओरडणारे बाहेर गेले नाहीत, गेला वॉल्टर! मला हे अजून पटत नाही.

१९११ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला आपल्याकडे घेतलं. तिथे तो शंभराहून जास्त सामने खेळला.

मग पहिलं महायुद्ध आलं. डिसेंबर १९१४ मध्ये वॉल्टर फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. सोमच्या भयंकर लढाईतही तो होता. त्या वेळच्या लष्करी नियमाप्रमाणे ज्याचे आईवडील दोघेही युरोपियन वंशाचे नाहीत, त्याला अधिकारी होता येत नसे. नियम पुस्तकात तसाच राहिला आणि मे १९१७ मध्ये वॉल्टर सेकंड लेफ्टनंट झाला! इटलीत पियावे नदी ओलांडून त्यानं शत्रूच्या हद्दीत तुकडी नेली आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. गोरे सैनिक त्याच्या हुकमाखाली होते. सेनापतींनी त्याच्या धैर्याची लेखी प्रशंसा केली.

२५ मार्च १९१८. फ्रान्समध्ये जर्मनांचा मोठा हल्ला आला. माघार घेताना वॉल्टरला गोळी लागली. त्याचा एक शिपाई टॉम बिलिंगहॅम, जो पूर्वी लेस्टरचा गोलकीपर होता, गोळ्यांच्या वर्षावात त्याला ओढून आणायला धडपडला. जमलं नाही. देह सापडलाच नाही. थडगंही नाही. अरास गावच्या स्मारकाच्या भिंतीवर हजारो नावं कोरली आहेत. त्यांत वॉल्टर टलचंही आहे.