सव्वासहाचे दोघे

सीजीपीए एकदा घसरला की कॉलेज बदलायचं नाव काढू नये, आहे तिथेच मुकाट्याने पदवी पदरात पाडून घ्यावी, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. त्यामागचं गृहीतक असं, की सीजीपीए म्हणजे कुवत, आणि कुवत कमी असलेल्याने जागा बदलणं ही पळवाट. हे गृहीतक साध्या गणितातच टिकत नाही. यूजीसीच्या दहा गुणांकी पद्धतीत प्रत्येक विषयाच्या गुणांकाला त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणतात आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागतात. आता २०-२० श्रेयांकांची चार सत्रं धरा. एकीचे गुणांक ४.९, ५.७, ६.८, ७.६, दुसऱ्याचे नेमके उलट्या क्रमाने. दोघांचा सीजीपीए ६.२५. एकीला सूर सापडलाय, दुसऱ्याचा हरवत चाललाय, पण प्रवेशाच्या टेबलावर दोघं सारखेच. सरासरी क्रम गिळून टाकते, आणि बदली मागणाऱ्याबद्दल जाणून घ्यायचा असतो तो क्रमच.

पहिला आक्षेप गुणवत्तेचा. ज्यांनी कट-ऑफ गाठून जागा मिळवली, त्यांच्या शेजारी हा मागच्या दाराने येऊन बसणार का? पण आपण असं दार केव्हाच उघडलंय आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेली मुलं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात येतात; ती बारावीच्या शर्यतीत नव्हतीच. शिवाय ‘एफ’ पडलेल्या विषयाचे श्रेयांक मिळतच नाहीत. म्हणजे हातात असलेले श्रेयांक ही विद्यापीठानेच दिलेली पावती. त्याच विद्यापीठाचं शेजारचं कॉलेज ती कमी दर्जाची मानणार असेल, तर शंका मुलावर नाही, विद्यापीठाच्या शिक्क्यावर घेतली जातेय.

हा प्रश्न कॅलिफोर्नियाने १९६० च्या मास्टर प्लॅनपासून धोरण म्हणून हाताळला. कम्युनिटी कॉलेजांची दारं सर्वांना उघडी, आणि तिथून विद्यापीठात जायची आखलेली वाट. राज्यातल्या विद्यार्थ्याला बदलीसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची किमान अट ४ पैकी २.४ जीपीए, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची २.०. (बर्कली किंवा लॉस एंजेलिसला प्रत्यक्ष निवड याच्या कितीतरी वर होते, हे विसरून चालणार नाही.) जुने ‘डी’ आणि ‘एफ’ कम्युनिटी कॉलेजात नियमांनुसार सरासरीतून वगळता येतात, पण गुणपत्रिकेवरून पुसले जात नाहीत. खोडरबर नाही, पण व्याज थांबतं. आणि या वाटेने विद्यापीठात गेलेली मुलं पदवी पुरी करण्यात पहिल्या वर्षापासून तिथे असलेल्यांच्या तोडीस तोड ठरतात.

खरा अवघड आक्षेप दुसराच आहे. बदली सोपी केली तर तालुक्याच्या कॉलेजातली मुलं शहराकडे धावतील आणि ती कॉलेजं ओस पडतील. ही भीती खोटी नाही. पण ज्या कॉलेजात विषयाचा शिक्षकच नाही, तिथे मुलाला अडवून धरल्याने शिक्षक येत नाही. तसंच, घसरणीचं कारण घरातली अडचण किंवा न झेपणारी शाखा असेल, तर नवं कॉलेज काही करू शकत नाही. शाखा झेपत नसेल तर शाखाच बदलावी. आणि कारण कॉलेजमध्येच असलं तरी बदली फुकटात होत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज मांडला, की कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात. म्हणून ‘घेतील का?’ याच्या आधी ‘किती श्रेयांक धरतील?’ हे विचारावं, तेही लेखी.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी शैक्षणिक श्रेयांक बँक आली, श्रेयांकांना सात वर्षांपर्यंत आयुष्य मिळालं. बँक श्रेयांक जपते. प्रवेश मात्र रिकामी जागा, ना-हरकत प्रमाणपत्र आणि समकक्षतेच्या पत्रावर अडतो. तिथे सरासरीचा उंबरठा घालण्याऐवजी शेवटच्या दोन सत्रांचे गुणांक आणि पुढच्या अभ्यासाला पायाभूत असलेल्या विषयांची श्रेणी पाहावी, गरज वाटल्यास एक छोटी चाचणी घ्यावी. नवीन यंत्रणा काहीच लागत नाही. चारही सत्रांचे आकडे गुणपत्रिकांवर छापलेलेच असतात. अर्जातली सीजीपीएची एक चौकट काढून तिथे चार आखायच्या आहेत.